बोल्ट आणायला निघण्यापूर्वी

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तुमच्या गावात स्टँडसमोरचं हार्डवेअरचं दुकान, कुठेही जा. काउंटरवर "दहाचा बोल्ट द्या" म्हटलं की दहाचा बोल्ट मिळतो. तुमच्या भोकात तो बसेल की नाही याची काळजी दुकानदाराने का करावी? गर्दीच्या वेळी तर तो मान वर करूनही बघणार नाही. तेव्हा जे मोजायचं ते घरी मोजा, चिठ्ठीवर लिहा आणि मग निघा. चिठ्ठीवर काय काय हवं ते सांगतो. एक शब्द परत परत येणार आहे, वैताग आला तरी वाचा: पिच, म्हणजे आट्याच्या एका शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतचं अंतर.

जुना बोल्ट खिशात टाका. हे सांगायला नकोच. तो हरवला असेल किंवा मुंडकं तुटून निम्मा आतच राहिला असेल तर त्याच जागचा जोडीदार खोला. चार बोल्टांचं कव्हर असेल तर उरलेल्यांपैकी एक चालतो, पण आधी सगळे सारख्या लांबीचे आहेत का ते बघा. आरशांच्या बाबतीत जास्त सांभाळून. कित्येक यामाहा गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तिथे डाव्या बाजूचा नमुना नेऊन उपयोग नाही.

बोल्ट स्वच्छ करा. वायर ब्रश, थोडं डिझेल, चिंधी. वाळलेलं ग्रीस, रंग, टेफ्लॉन टेपचे तुकडे आट्यांच्या तळाशी चिकटलेले असतात आणि त्यावर पिच मोजायचं गेज टेकवलं की ते वरच्या वर डुगडुगतं.

व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून व्यास मोजायचं हत्यार, साधं असलं तरी पुरतं. जबडे बंद करून शून्य जुळतंय का ते बघा. शाळेच्या पट्टीने व्यास मोजू नका. बास.

व्यास घ्यायचा तो आट्यांच्या शेंड्यांवर, बाहेरून बाहेर. टोकाला नको, तिथे बोल्ट निमुळता केलेला असतो. जिथे वर्षानुवर्षं नट बसून आटे झिजलेत तिथेही नको. मधे कुठेतरी, जिथे आटे धड आहेत तिथे. आकडा पूर्ण येणार नाही. एम८, म्हणजे मेट्रिक मापाचा आठ मिलिमीटरचा बोल्ट, ८.०० दाखवत नाही, ७.८ किंवा ७.९ दाखवतो. एम१० ला ९.८ च्या आसपास येतं, एम६ ला ५.९. नट सहज फिरावा म्हणून बोल्ट मुद्दामच किंचित बारीक ठेवलेला असतो. व्हर्निअर बिघडलेलं नाही, लगतचा वरचा आकडा धरा.

आणि इथेच लोक थांबतात. व्यास कळला, चला दुकानात! थांबा जरा.

समजा ७.९ आलं. तो एम८ असेल. पण अडीच सूतही असू शकेल, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजेच ७.९४ मिलिमीटर. व्हर्निअरला दोघे सारखेच. फरक आहे तो आट्यांमधल्या अंतरात. साध्या एम८ चं पिच १.२५ मिलिमीटर, नेहमीच्या अडीच सुताला इंचात १८ आटे, म्हणजे एका शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंत १.४१. पिच मोजलं असेल तर घरबसल्या कळतं. नसेल मोजलं तर नट थोडा जाऊन अडकतो तेव्हा कळतं, आणि तोवर दुकान बंद झालेलं असतं.

बरं, सगळं मिलिमीटरमध्येच असलं तरी सुटका नाही. एम१० म्हणजे एकच एक बोल्ट नव्हे. जाड आट्यांचा एम१० असतो १.५ पिचचा, बारीक आट्यांचा १.२५ चा, शिवाय १.० चाही मिळतो. नुसतं "एम१०" लिहिलं आणि पुढे काही नसलं तर तो जाड आट्यांचा धरायचा, हा नियम. ड्रॉइंगवर तसंच आणि काउंटरवरही तसंच. मोटरसायकलच्या आरशाला हँडलवरच्या पकडीत बहुतेक वेळा १० × १.२५ लागतो. मी "दहाचा" म्हणालो आणि रीतसर १.५ चा मिळाला. पहिला फेरा बोटांनी गेला, पुढे जड लागायला लागला, मला वाटलं आत रंग असेल, म्हणून पान्हा लावला. पकड अ‍ॅल्युमिनिअमची. फेऱ्यागणिक पाव मिलिमीटरची चूक साठत जाते आणि पोलादी बोल्ट आतले आटे सोलून काढतो. बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला चकचकीत कीस गुंडाळलेला असतो. आता त्या पकडीत हेलिकॉइल आहे, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवलेली तारेची गुंडाळी. चिठ्ठीवर व्यासाशेजारी १.२५ लिहिलं असतं तर हे काहीच झालं नसतं. म्हणून पिच.

ते मोजायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे पिच गेज. दातेरी पात्यांची जुडी असते, खिशातल्या चाकूसारखी उघडणारी, प्रत्येक पात्यावर आकडा कोरलेला. पातं बोल्टच्या लांबीला समांतर टेकवा आणि उजेडासमोर धरा. दात आणि आटे यांच्यामधून कुठूनही उजेड डोकावला नाही की ते पातं तुमचं. मात्र दोन आट्यांवर बघून ठरवू नका, तेवढ्यात चुकीचं पातंही बसल्यासारखं वाटतं. पाच-सहा आट्यांवर बघा. बोल्टच्या एका भागात पातं चपखल बसतं आणि दुसऱ्या भागात बसत नाही, असं झालं तर तो बोल्ट ताणला गेलाय. तो मापाला घेऊ नका आणि परत लावूही नका.

गेज नसेल तर व्हर्निअर आहेच की. दहा आट्यांचं अंतर मोजायचं आणि दहाने भागायचं. लक्षात ठेवा, दहा अंतरं म्हणजे अकरा शेंडे. दहा शेंडे मोजून दहाने भागणारे भरपूर आहेत, १.५ च्या बोल्टला त्यांचं उत्तर १.३५ येतं, मग ते मनातल्या मनात त्याचं १.२५ करतात आणि निघतात. दहा अंतरांना १२.५ आलं तर १.२५, १५ आलं तर १.५. १४.१ च्या आसपास आलं तर तुम्ही इंचात आहात, मिलिमीटर विसरा. बोल्ट आखूड असेल तर पाचच अंतरं घ्या.

आणखी एक युक्ती फिटर लोक सर्रास वापरतात. माप माहीत असलेला, भोकात आटे पाडायचा टॅप किंवा नवा बोल्ट घ्यायचा, जुन्या बोल्टला आडवा चिकटवायचा, आट्यांत आटे घालून, आणि उजेडात धरायचा. पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले तर पिच एकच. ज्याच्या घरी असे टॅप पडून आहेत त्याच्याकडे पिच गेज आहेच म्हणायचं.

नट फिरवून बघणार असाल तर बघा, पण एखाद-दोन फेऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझा पहिला फेरा गेलाच होता! नटाच्या पूर्ण जाडीतून बोल्टचं टोक पलीकडे आलं पाहिजे, तेही नुसत्या बोटांनी.

इंचाचं थोडं सांगतो, कारण आपल्याकडे तो अजून मेलेला नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप ठरवलं, आट्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये आपलं वेगळं मांडलं, कोन ६० अंश. आजचे मेट्रिक आटेही ६० अंशांचे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण जुन्या गिरण्या, जुन्या लेथ, पंप कायदा वाचून आपले बोल्ट बदलत नाहीत, आणि कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा साधा स्क्रू आजही दोन सूत, इंचात २० आट्यांचाच. म्हणून चांगल्या पिच गेजमध्ये दोन जुड्या असतात, ५५ ची आणि ६० ची. इंचात पिच लिहीत नाहीत, इंचात किती आटे ते लिहितात. पट्टीचा एक इंच धरून अंतरं मोजा. दोन सुताला ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही जाड आटे इंचात २०, तीन सुताला दोन्ही १६. चार सुताला मात्र ब्रिटिश १२ आणि अमेरिकन १३. तिथे एक आटाही चुकवून चालत नाही.

बोल्टच नाही, नुसतं भोक आहे? मग व्हर्निअरच्या वरच्या छोट्या जबड्यांनी आतला व्यास घ्या. तो बोल्टच्या नावापेक्षा लहान येणार, साधारण पिचएवढा वजा. १.५ च्या एम१० ला ८.४ च्या आसपास, १.२५ ला ८.६-८.७. हा फरक इतका थोडा की झिजलेल्या भोकात त्यावर पैज लावू नये. म्हणजे इथेही पिच मोजणं आलंच. मऊ लाकडाची एक बाजू सपाट केलेली काडी भोकात सारा, दुसऱ्या बाजूने पाचर घालून ती आट्यांवर दाबा, पाचर काढून काडी सरळ बाहेर घ्या. काडीवर आट्यांचे वळ उठतात, त्यांची अंतरं मोजा. गबाळं दिसतं, पण १.२५ आणि १.५ वेगळे काढायला पुरतं. टॅप हाताशी असेल तर बोटांनी हलकेच फिरवून बघा. बोटांनीच, हँडल लावून नव्हे, नाहीतर मोजायला गेलात आणि नवे आटे पाडून आलात.

नळाचं सगळंच वेगळं. "अर्ध्या इंची" नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या जवळ भरतो. तो आकडा घेऊन दुकानात गेलात तर लोक हसतील. अर्धा इंच हे नळाचं नाव आहे, आट्यांचं माप नव्हे. आणि हो, इतका वेळ पिच पिच केलं, पण इथे पिचही दगा देतं: अर्ध्या आणि पाऊण इंचाला आपले नेहमीचे बीएसपी (नळाचे ब्रिटिश आटे) आणि एनपीटी (नळाचे अमेरिकन आटे) दोघांनाही इंचात १४ आटे, कोन मात्र एकाचा ५५, दुसऱ्याचा ६०. थोडं फिरतं, मग अडतं किंवा गळतं. परदेशी यंत्राची फिटिंग असेल तर तुकडाच घेऊन जा.

बाकीचं भराभर. लांबी मुंडक्याखालून टोकापर्यंत. सपाट बसणाऱ्या सीएसके स्क्रूला मात्र मुंडक्यासकट. पान्ह्याचं माप म्हणजे बोल्टचं माप नव्हे: तेराचा पान्हा लागतो तो एम८ असतो, आणि एम१० ला गाडीप्रमाणे सतरा, सोळा, चौदा यांपैकी काहीही लागू शकतं. मुंडक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं ती ताकद, तीही उतरवून घ्या. ब्रेकच्या जागी कमी ताकदीचा लावू नका आणि स्टेनलेस स्टील चमकतं म्हणून तेही लावू नका. उलटे आटे असतील तर चिठ्ठीवर ठळक लिहा. स्पार्क प्लग मोजत बसू नका, त्याच्या नंबरावरून मागा.

चिठ्ठीची ओळ अशी: एम१० × १.२५ × ३०, ८.८, षटकोनी, नग दोन. मधला आकडा लिहिला का? परत बघा. दुकानदार "बारीक आटे? नाही येत तसे" म्हणाला तर वाद घालू नका आणि जवळपासचाही घेऊ नका, पुढच्या दुकानात जा. मिळाला की जुन्या बोल्टला आडवा लावून उजेडात धरा, नट पूर्ण फिरवा, तिथेच, पैसे द्यायच्या आधी. वॉशर घ्या. एक बोल्ट जास्तीचा घ्या, बसवताना एखादा हातातून सुटतो आणि इंजिनाखाली नेमका जाळीतून गटारात जातो.