ऑगस्ट उजाडला आणि स्क्रिप्ट आडवी झाली: बॅशमधल्या या चुका टाळा

मामाच्या दोन लाँच आहेत, मिरकरवाडा जेटीला लागतात. जून-जुलैत मासेमारी बंदी, लाँच वर काढलेल्या, खलाशी गावाला गेलेले, पाऊस तर थांबायचं नावच घेत नाही, तेव्हा रिकामा बसण्यापेक्षा मी मामाला डिझेल-बर्फाच्या हिशोबासाठी एक बॅश स्क्रिप्ट करून दिली. बॅश म्हणजे लिनक्सवर टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याने ओळीने चालवायच्या कमांडची फाइल. काम एवढंसंच, आजच्या तारखेतून महिन्याचा आकडा घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि पुढच्या महिन्याची कोरी फाइल तयार ठेवायची. जुलैभर रोज चालवली, एकदम मस्त. बंदी उठली, १ ऑगस्टच्या पहाटे मामाचा फोन, "काय रे, तुझा तो प्रोग्राम इंग्लिशमधून शिव्या देतोय, ये बघ."

स्क्रीनवर आलेलं होतं 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस'. मी आधी बॅशलाच नावं ठेवली, अपडेटमध्ये काहीतरी मोडलं म्हणून. मोडलं काहीच नव्हतं. आकड्याच्या पुढे शून्य असलं की बॅश तो आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे ऑक्टल धरतो, आणि ऑक्टलमध्ये ० ते ७ एवढेच अंक. त्यामुळे ०७ चालतो, ०८ आणि ०९ वर ठेच, आणि ऑक्टोबरला १० आला की परत सगळं सुरळीत. म्हणजे वर्षातले दहा महिने ही चूक झोपलेली असते, आणि आमच्याकडे जागी होते ती नेमकी सीझन सुरू होताना!

एरर आली ते तरी बरं म्हणायचं. कोणी लिटरच्या रकान्यात ०५० असं भरलं तर बॅश काही न बोलता त्याचे ४० करतो, आणि मग दहा लिटर डिझेल गेलं कुठे म्हणून तांडेलावर, म्हणजे लाँच चालवणाऱ्यावर, संशय. उपाय सोपा आहे, हिशोबाच्या दुहेरी कंसात व्हेरिएबलच्या डॉलर चिन्हाच्या आधी दहा आणि हॅश लिहायचं, की तो आकडा दशमानच धरला जातो. नाहीतर लिनक्सवरच्या डेट कमांडला टक्का आणि एम याच्या मध्ये उणे चिन्ह द्या, ती पुढचं शून्यच काढून टाकते.

दुसरी चूक माझी एकट्याची नाही, सगळ्यांची आहे. फाइल कॅट कमांडने वाचून पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने, व्हाइल लूपमध्ये सोडायची, आत एकेक ओळीचे लिटर मिळवत जायचे, आणि लूपच्या बाहेर एकूण छापलं की शून्य! लूपच्या आत छापलं तर आकडा बरोबर दिसतो, म्हणून डोकं अजून फिरतं. बॅश पाइपमधला प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालवतो, आतली बेरीज तिथेच संपते, बाहेरच्या शेलला तिचा पत्ताच नसतो. पाइप काढून टाका आणि लूप संपवणाऱ्या डनच्या पुढे डावीकडे तोंड केलेला बाण लावून फाइल द्या, काम झालं. बॅश ४.२ पासून लास्टपाइप नावाचा ऑप्शनही आहे, तो पाइपचा शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतो, स्क्रिप्टमध्ये चालतो, पण मला बाणच बरा वाटतो. गंमत म्हणजे हेच झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये बरोबर चालतं, कारण तो पाइपचा शेवटचा तुकडा चालू शेलमध्येच चालवतो, आणि मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेलच डिफॉल्ट आहे, त्यामुळे मुंबईच्या भावाकडे मॅकवर चाललं आणि इथे नाही असले वाद होतात. मॅकमध्ये बॅश असतो, पण तो लायसन्सच्या भानगडीमुळे ३.२ वरच अडकलाय, म्हणजे २००७ च्या आसपासचा.

म्हणून बग म्हणून ओरडायच्या आधी बॅश व्हर्जन छापून बघा. काही गोष्टी खरंच सुधारल्यात. सेट यू, म्हणजे किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की थांबवणारी सोय, लावून रिकामा अ‍ॅरे (यादी) वापरला की जुना बॅश 'अनबाउंड व्हेरिएबल' म्हणून बंद पडायचा, ४.४ मध्ये ते गेलं. आधी चार ओळी पेस्ट केल्या की वाचायच्या आत धडाधड चालायच्या, २०२० च्या ५.१ पासून पेस्ट केलेलं तसंच थांबतं आणि एंटर मारल्यावरच चालतं.

आणि खरा मोठा बग म्हणजे शेलशॉक, ज्यातून बाहेरच्या माणसाला तुमच्या मशीनवर स्वतःच्या कमांड चालवता यायच्या. सप्टेंबर २०१४ मध्ये तो बाहेर आला, पण कोडमध्ये होता १९८९ पासून, पंचवीस वर्षं कोणाच्या लक्षात नाही! पहिला पॅच, म्हणजे दुरुस्ती, अपुरा निघाला, मागोमाग अजून द्यावे लागले, त्यामुळे तेव्हा एकदा अपडेट करून निवांत बसलेले फसले. फक्त व्हर्जनचा आकडा जुना दिसतो म्हणून घाबरू नका मात्र, डेबियनसारखे लिनक्स बनवणारे लोक जुन्याच आकड्यावर सिक्युरिटी पॅच चढवतात.

बाकीच्या चुका पटकन. स्क्रिप्ट एसएच लावून चालवू नका, उबुंटू लिनक्सवर तो बॅश नसून डॅश नावाचा छोटा शेल आहे, चौकोनी दुहेरी कंस त्याला कळत नाहीत. फाइलच्या नावात स्पेस असली की व्हेरिएबल दुहेरी कोटमध्येच हवं, नाहीतर 'लाँच एक' च्या दोन फाइली होतात. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट आधी डॉसटूयुनिक्स या टूलमधून काढा, ओळीच्या शेवटी विंडोजने लावलेलं जादा चिन्ह ते काढतं.

आणि पावसात लाइट जाते हे धरूनच चला. बॅश हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची यादी, फाइलमध्ये लिहितो ती शेल बंद होताना, लाइट गेली की दिवसभराच्या कमांड पाण्यात. प्रॉम्प्ट कमांड नावाच्या व्हेरिएबलमध्ये हिस्टरी उणे ए ही कमांड टाकून ठेवा, प्रत्येक कमांडनंतर लिहून होतं.

शेलचेक नावाचं फुकट टूल आहे, कोट विसरलेले आणि पाइपवाली भानगड ते पकडतं. ०८ चं मात्र त्याला कळत नाही, कारण महिना कुठला ते चालवतानाच ठरतं, तेव्हा तारीख हाताने ०८ टाकून एकदा चालवायचीच. परवा नवीन स्क्रिप्ट दिली तर मामा वहीतून मान वर न काढता म्हणाला, "ऑगस्ट बघितलास काय?"