हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कुठून येते? कानांबाबत या चुका टाळा

नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडताना हॉर्न वाजतो आणि माणूस भलत्याच बाजूला मान वळवतो. घरचे म्हणतात, "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" लक्ष बरेचदा ठिकाणावरच असतं. आवाज ऐकू येणं हे एक काम आणि तो कुठून आला हे कळणं दुसरं. हे दुसरं काम दोन कान मिळून करतात, एकट्याला ते नीट जमत नाही.

डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी गाठतो, उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा, पण मेंदूला तेवढा पुरतो. चढ्या पट्टीच्या आवाजाला मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून पलीकडच्या कानाला तो हळू ऐकू येतो. या दोन खुणांची सांगड ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली.

"एक कान चांगला आहे ना, मग झालं!"

फोन आणि टीव्ही एका कानावर निभतात, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. एका कानात नुसता मळ घट्ट बसला तरी सगळे आवाज मोकळ्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखे वाटतात. तो काढायला बड, पिन, चावी घालू नका, मळ आणखी आत जातो. आणि एका कानाचं ऐकणं दिवस-दोन दिवसांत अचानक गेलं तर "मळच असेल" म्हणत तेलाचे थेंब सोडत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, या दुखण्यात उपचाराला उशीर महागात पडतो.

ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या) रिपोर्टवरची सरासरी पाहून निर्धास्त होणं

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथं होते. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीची सरासरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आत असेल तर ऐकणं सामान्य, २० ते ३५ म्हणजे सौम्य कमतरता. पण ही सरासरी ५०० ते ४००० हर्ट्झमधल्या (हर्ट्झ म्हणजे पट्टीचं माप, आकडा मोठा तितकी पट्टी चढी) चार आकड्यांची असते. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकदमच पोचतो, मग पुढे-मागे कळतं कसं? बाहेरच्या कानाच्या घड्या आवाजाला जो बारीकसा फरक देतात त्यावरून, आणि तो मुख्यतः ५००० हर्ट्झच्या वरच. वयाबरोबर आधी उतरतं ते हेच टोक. त्यामुळे दोन्ही कान सारखेच थोडे उतरलेल्या माणसाला डावं-उजवं बऱ्यापैकी कळतं, पण मागून आलेली रिक्षा समोर वाटते. आलेखावरचे ६०००, ८००० चे आकडे आवर्जून विचारा. ढोल पथकात वाजवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण गोंगाटाचा मार आधी ३००० ते ६००० च्या पट्ट्यात दिसतो. (कापसाचे बोळे तिथं काही कामाचे नाहीत, इअरप्लग घ्या, आणि दोन्ही कानांत.)

घरी तपासताना मोबाईलची बीप वाजवणं

एकसुरी शिट्टीसारखा आवाज, विशेषतः १५०० ते ३००० हर्ट्झचा, धडधाकट कानांनाही नीट शोधता येत नाही. सातपूरच्या कारखान्यांत रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकची टीं-टीं कुठून येते ते पटकन कळत नाही, ते यामुळेच. त्यापेक्षा चाव्यांचा जुडगा घ्या. ज्यांचं तपासायचं त्यांना सामानसुमान असलेल्या खोलीत मधोमध बसवा, डोळे मिटायला सांगा. अनवाणी, पावलं न वाजवता जागा बदला, जुडगा एकदाच हलवा आणि त्यांना बोटाने दिशा दाखवू द्या. आधी मान स्थिर ठेवून. मग जुडगा वाजता ठेवा आणि मान थोडी वळवू द्या. पुढे-मागेचा घोळ बराच सुटेल, रस्त्यावरही हीच सवय लावा. एकाच बाजूला सारखं चुकत असेल तर ऑडिओमेट्री करून घ्या. घरचा खेळ काही तिची जागा घेत नाही.

श्रवणयंत्र एकच, तेही कधीमधी

दोन्ही कान उतरलेले असताना पैसे वाचवायला एकच यंत्र घेतलं, तर बिनयंत्राच्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता मागे पडू शकते. दोन घेतली तर एकाचाच आवाज परस्पर वाढवू नका, दोन्ही कानांच्या आवाजाचा तोल जातो. दिशा अचानक चुकायला लागली तर आधी एका बाजूची बॅटरी उतरलीय का पाहा. यंत्रांची अदलाबदलही होते: लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. नव्या यंत्राशी जुळवून घ्यायला मेंदूला काही आठवडे लागतात, तोवर ती कपाटात ठेवू नका.

आणि गंगापूर रोडवर एका कानात इअरफोन घालून स्कूटर चालवणाऱ्यांनो, "दुसरा कान मोकळा आहे की!" हे उत्तर वरच्या पहिल्या चुकीतच बसतं.