जुना भुताचा पिक्चर परत कसा बघायचा

लहानपणी एखादा जुना भुताचा पिक्चर "काही दम नाही" म्हणून सोडून दिला असेल ना, तर तो एकदा परत बघा, पण नीट बघा, मेथी निवडता निवडता बघितलात तर मत तेच राहणार. माझं १९४९ च्या 'महल'बद्दल तसंच होतं. शाळेत असताना इथेच इंदूरला मामाकडे आम्ही सगळ्या भावंडांनी टीव्हीवर बघितला आणि शेवटी कळलं की भूत नव्हतंच, ती तर माळ्याची मुलगी, तेव्हा सगळे जाम वैतागलो होतो. शेवट सांगून टाकला, पण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आधी जुनं मत कागदावर लिहून ठेवा, दोन ओळी पुरे. मी लिहिलं, "खूप हळू, भूत खोटं, गाणं छान." नाहीतर नंतर वाटायला लागतं की आपल्याला तर तो पहिल्यापासून आवडायचा.

मग वेळ काढा. पिक्चर अडीच तासांच्या वर आहे, तेव्हा सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचा बेत दुसऱ्या दिवशीवर टाका, जेवणं आटपून लाइट बंद करा, हेडफोन लावा आणि एकटेच बसा, कारण घोळक्यात एक जण हसला की सगळे हसतात आणि भीती गेलीच. प्रिंट बरी शोधा. कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा आहे आणि सगळी मजा सावल्यांत आहे, खराब प्रिंटमध्ये अंधार नुसता करडा दिसतो.

हेडफोन कशाला ते 'आएगा आनेवाला' सुरू झालं की कळेल. सुरुवातीच्या ओळींना ठेका नाहीच, आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. लताबाई स्वतः सांगायच्या की रेकॉर्डिंगच्या वेळी त्या लांबून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. आपल्या इंदूरात जन्मलेली, तेव्हा जेमतेम विशीची मुलगी, आणि रेकॉर्डवर आधी तिचं नावही नव्हतं, पात्राचं होतं, 'कामिनी'. हे गाणं मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इतक्यांदा ऐकलंय की त्यात भीती आहे हेच विसरले होते. त्या रात्री मी एका कानाचा हेडफोन काढून जिन्याकडे बघितलं, आमचा जिना लाकडी आहे, रात्री वाजतो.

आता खरी गोष्ट. शेवट माहीत असणं हेच दुसऱ्यांदा कामाला येतं. पहिल्यांदा आपण भूत शोधत बसतो, या वेळी भुताकडे बघूच नका, जो झपाटलाय त्याच्याकडे बघा. अशोककुमार हवेलीत येतो, तसबिरीत आपल्यासारखाच चेहरा बघतो आणि तिथून मनाने बाहेर येतच नाही, मित्र समजावून थकतो, लग्न होतं, बायकोला घेऊन लांब जातो तरी जीव हवेलीतच. खरं भूत असतं तर मांत्रिक बोलावून काढता आलं असतं, हे कोण काढणार? आणि ती बायको, रंजना, जी शेवटी विष घेते, ती लहानपणी बघितलेली मला आठवतही नव्हती. या वेळी तिच्याच सीनला रडू आलं.

बघून झाल्यावर लगेच कोणाला काही सांगू नका, दोन दिवस जाऊ द्या, मग तो कागद काढा. "हळू" मी खोडलं नाही, मधला भाग अजूनही रेंगाळतो. "भूत खोटं" मात्र खोडलं, आणि येत्या रविवारी मामेभावाला बसवणार आहे, एकट्याला.