दगडमातीचे घर आणि भूकंपाची पूर्वतयारी

भारतीय मानकांच्या २०१६ च्या भूकंप नकाशात बेळगाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप पहाटे, माणसे झोपेत असताना झाले. म्हणून तयारीची सुरुवात झोपण्याच्या खोलीपासून करावी. उशाशी जड फळी, डबे किंवा तसबिरी नकोत, कपाट भिंतीला पट्टीने पक्के करावे आणि विजेरी व चपला अंथरुणाजवळच असाव्यात, कारण काळोखात फुटलेल्या कौलांवरून अनवाणी चालावे लागू शकते.

खरे लक्ष मात्र भिंतींकडे हवे. किल्लारीत हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद कोसळल्यामुळे. अशा भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात व मधल्या पोकळीत दगडगोटे भरलेले असतात. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि ढासळते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ज्यांची घरे दगडमातीची आहेत, त्यांनी भिंत फुगली आहे का, कोपऱ्यांत उभ्या भेगा आहेत का, हे पाहावे. नवी दगडी भिंत बांधताना दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांच्या आत दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड घालण्यास गवंड्याला सांगावे, आणि दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग लिंटेल पट्टा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा आडवा पट्टा, घ्यावा. रंगरंगोटीवरचा खर्च त्यानंतर करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या घराच्या मजबुतीसाठी मात्र अभियंत्याचा सल्ला घ्यावा. मनाने भिंत फोडू नये.

हादरे सुरू झाल्यावर सिमेंटच्या पक्क्या घरात किंवा वरच्या मजल्यावर असाल तर धावू नये. मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरावा, डोके झाकावे. अंथरुणात असाल तर तिथेच राहून उशीने डोके झाकावे. दगडमातीच्या बैठ्या घरात दाराजवळच असाल आणि समोर मोकळे अंगण असेल, तर लगेच बाहेर पडणे योग्य. पण भिंतीलगत किंवा विजेच्या तारांखाली थांबू नये. लिफ्ट वापरू नये.

हादरे थांबल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, गॅसचा वास असेल तर दिव्याचे बटणही दाबू नये, आणि मदतीसाठी ११२ क्रमांकावर फोन करावा. आधार, रेशन कार्ड आणि जमिनीचा उतारा यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, औषधांसोबत, दाराजवळ ठेवलेल्या असाव्यात. भेगा पडलेल्या घरात, जिन्नस आणण्यासाठीसुद्धा, तपासणी होईपर्यंत परत जाऊ नये, कारण नंतरचे धक्के आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंती पाडतात.