निःशक्त पेन्शन थांबली असेल तर: झोनमध्ये जाण्याआधीची तयारी

इथे मध्य प्रदेशात दिव्यांगांना मिळणाऱ्या निःशक्त पेन्शनच्या सत्यापनाची (पडताळणीची) नोटीस आली असेल, किंवा दोन महिने खात्यात तिचे सहाशे रुपये जमा झाले नसतील, तर महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे धावू नका. आधी दिव्यांगतेचं प्रमाणपत्र काढा आणि त्यावरची वैधतेची तारीख वाचा. टक्केवारी नंतर बघू, आधी तारीख. गेल्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं. बाकी फाइल चोख होती, पण प्रमाणपत्र तात्पुरतं होतं आणि त्याची मुदत संपलेली होती.

‘कायमस्वरूपी’ लिहिलेलं असेल तर पुढे चला. ‘तात्पुरतं’ असेल तर त्याखाली अमुक तारखेपर्यंत वैध, अशी ओळ असते. ती बारीक असते आणि लॅमिनेशनखाली पुसट होते, म्हणून उजेडात धरून वाचा. यूडीआयडी कार्डावरही (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) ती तारीख असते, दोन्हीकडची वाचा. लहान मुलांची, मानसिक आजाराची आणि उपचारांनी फरक पडू शकेल अशा अवस्थांची प्रमाणपत्रं बहुधा तात्पुरती असतात. बौद्धिक दिव्यांगतेसाठी २०१८ च्या निकषांत ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण सांगितलं होतं; २०२४ मध्ये नवे निकष आले, म्हणून आपल्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरा. घरचे म्हणतात, ‘याचं तर जन्मापासूनचं आहे, त्याला कसली मुदत?’ आजार जन्माचा असला तरी कागदाला मुदत असते, आणि पेन्शन कागद बघून मिळते.

तारीख संपायला सहा महिने उरले असतील तेव्हाच नूतनीकरणाचा अर्ज यूडीआयडी पोर्टलवर टाका. २०२४ च्या नियमदुरुस्तीने प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे आज अर्ज केला तर तीन महिने जातील असंच धरून चला. मुदत संपल्यावर अर्ज केलात तर तेवढे महिने घर त्या पैशांविना चालवावं लागतं.

आधार, फोटो, पासबुक, हे सांगायला नको.

आता समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबांची आणि सदस्यांची नोंद. कुटुंबाचा आयडी आठ अंकी आणि सदस्याचा नऊ अंकी असतो. पेन्शनला नऊ अंकी लागतो. समग्रची ई-केवायसी झाली आहे का ते बघा आणि तिथलं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. इथल्या मराठी घरांत हमखास घोळ होतो. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, समग्रमध्ये फक्त नाव आणि आडनाव. हिंदी टंकलेखनात ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘कुळकर्णी’चं ‘कुलकर्णी’. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर नवं असतं, दुसऱ्यावर माहेरचं. कुठलं बरोबर यावर वाद घालू नका. आधारवर जे आहे ते पाया माना आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. जन्मतारखेचंही तेच.

भाड्याने राहत असाल तर वॉर्ड तपासा. इंदूरच्या सुदामानगरातून घर सोडून दुसरीकडे गेलात आणि समग्रमध्ये जुनाच पत्ता राहिला, तर तपासणीला आलेला माणूस जुन्या दारावर जातो, ‘आढळले नाहीत’ असा शेरा मारतो आणि पेन्शन थांबते. जिवंत माणूस नोंदीत मृत दाखवला जाण्याचा प्रकारही असतो. तसं असेल तर त्या व्यक्तीला प्रत्यक्ष न्यावंच लागतं. अंथरुणाला खिळलेली असेल तर घरी येऊन पडताळणी करा, अशी मागणी लेखी द्या. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा ओटीपीवरून ओळख पटवता येते. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो. बंद पडलेल्या सिमचा नंबर असेल तर हे काम आधी करा.

मग बँक. ‘खात्याला आधार लिंक आहे’ हे काउंटरवरचं उत्तर पुरेसं नाही. सरकारी पैसे आधार क्रमांकावर येतात आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार सांभाळणारी संस्था) नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मोबाइलच्या दुकानात सिमसोबत पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं असेल तर पैसे तिकडे पडत असतील आणि तुम्हाला वाटेल पेन्शन कापली. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते, बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पासबुक छापून आणा आणि वजावटी तपासा. बँकेत प्रधानमंत्री विमा योजना घेतल्या असतील तर अपघात विम्याचे २० आणि जीवन विम्याचे ४३६ रुपये वर्षातून एकदा आपोआप कापले जातात. सहाशेतून ४३६ गेले तर हातात १६४ उरतात. विमा वाईट नाही, पण तो महिना आधी माहीत हवा.

घरातलं मूल अठरा वर्षांचं होणार असेल तर तीन गोष्टी एकदम येतात. अल्पवयीन म्हणून उघडलेल्या खात्याचे व्यवहार बँक थांबवते, बौद्धिक दिव्यांगतेचं प्रमाणपत्र बहुधा नूतनीकरणाला येतं (पुन्हा तीच तारीख!) आणि सही कोणी करायची हा प्रश्न उभा राहतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. हा अर्ज वाढदिवसाची वाट न बघता तयार ठेवा.

मेडिकल बोर्डाकडे जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, एक्स-रे, ऐकण्याची किंवा बुद्ध्यंकाची चाचणी आणि आधीच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत न्या. डबा, पाणी, बदलायचे कपडे घ्या, दिवस मोडतो. निघण्याआधी प्रमाणपत्रावर टक्के आणि वैधता वाचा. ४० च्या खाली गेलं तर लाभ बंद होतो. ८० च्या खाली आलं तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनची पात्रता जाते, पण ४० टक्क्यांवरची राज्याची योजना राहते. तिथे वेगळा अर्ज करावा लागेल का, ते झोनमध्ये लेखी विचारा. कार्डावरची पिवळी पट्टी ४० ते ८० च्या आतली, निळी ८० आणि त्यावरची. टक्केवारी मान्य नसेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. आणि हो, नव्या प्रमाणपत्रावरची वैधता घरी आल्यावर नाही, तिथेच वाचा.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरलं जातं. अर्जात एवढंच लिहा: पेन्शन कोणत्या महिन्यापासून थांबली, कोणत्या कारणाने, कोणत्या आदेशाने. बंद महिन्यांची थकबाकी वेगळ्या ओळीत मागा. न मागितलेली रक्कम आपोआप येईल असं धरू नका. नवं प्रमाणपत्र पोर्टलवर आलं म्हणजे पेन्शनच्या नोंदीतही आलं असं नसतं. त्याची प्रत याच अर्जाला जोडा आणि नवी वैधता चढवून घ्या.

मधल्या महिन्यांचीही तयारी लागते, आणि याबद्दल कोणी बोलत नाही. महिन्याला सहाशे म्हणजे दिवसाला वीस रुपये. केंद्राच्या योजनेतली पेन्शन असेल तर त्यातला केंद्राचा वाटा ३०० रुपये, २०१२ पासून तेवढाच. रक्कम लहान आहे म्हणून ती गेल्याने काय होणार, असं बोलणाऱ्यांनी या घरांचा हिशोब बघावा. ही बहुधा एकच ठरलेली आवक असते आणि किराणावाला तिच्या भरवशावर उधार देतो. ती थांबली की आधी फिजिओथेरपीची रिक्षा बंद होते, मग लघवीची नळी आणि डायपर पुरवून वापरले जातात, मग औषधं. पुरवून वापरलेल्या नळीने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, ओल्या डायपरने कातडी सोलते आणि जखमा होतात. मग दवाखान्याचा खर्च सहाशेच्या कितीतरी पट होतो. मिरगीच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या एक दिवसही अचानक थांबवायच्या नाहीत. एकदम सोडल्या तर झटके येतात, आजार उलटतो. जनऔषधी केंद्रात दर विचारा, सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या मागा. राशनची पात्रता पर्ची चालू आहे ना बघा, माणशी पाच किलो धान्य तेवढं तरी येत राहील. आयुष्मान कार्ड करून घ्या. व्याजाने पैसे उचलू नका, निदान पेन्शनच्या भरवशावर तरी नाही.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) तक्रार करा, क्रमांक लिहून ठेवा. समाधान झालं का, असं विचारणारा फोन येतो. पैसे जमा झाल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका, तक्रार तिथेच बंद होते. मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) असते, शिक्क्याची प्रत घेऊन जा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील असाल तर मोफत. उत्तराची मुदत तीस दिवस. त्यानंतर राज्याचे दिव्यांगजन आयुक्त.

सगळ्याच्या दोन झेरॉक्स घ्या. वैधतेची तारीख फाइलवर बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्याखाली सहा महिने आधीची.