आधी तळ, मग पाणी

हर्णै बंदरावर उभं राहिलं की समोर सुवर्णदुर्ग. लहानपणापासून रोज बघितलेलं ते पाणी, तरी मॉडेलमध्ये ते पहिल्यांदा केलं तेव्हा पार फसलं. एका घरच्या गणपतीसाठी मी सुवर्णदुर्गाचा देखावा केला होता. प्लायवर निळा रंग मारला आणि वर एपॉक्सी रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पातळ रसायन, ओतलं. तटबंदी सुरेख उतरली होती, पण समुद्राकडे बघून हॉटेलातला पोहण्याचा तलाव आठवत होता.

मॉडेल बनवण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की पाण्याचं काम बाटली उघडण्याआधीच होतं. ओहोटीला कातळावर जाऊन बसा. वाळूवर वीतभर पाणी असतं तिथे रंग वाळूचाच दिसतो. पुढे तो हिरवट होतो आणि खोलीला काळसर निळा. खडकांभोवती भरतीच्या पाण्याने ओला राहिलेला गडद पट्टा असतो, त्यात शेवाळ आणि पांढरट कालवं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जांभ्याची माती उतरते आणि पाणी तांबूस गढूळ होतं. म्हणजे देखावा कोणत्या महिन्यातला, हे आधी ठरवावं लागतं. हे सगळे रंग तळावर स्पंजने थोपटत एकमेकांत मिसळायचे. ब्रशची एक जरी रेघ राहिली तरी वर रेझिन आल्यावर ती ठळक दिसते.

तळ वाळला की त्यावर वॉर्निशचे दोन हात द्या. प्लाय किंवा पुठ्ठा उघडा राहिला तर त्यातली हवा रात्रभर बुडबुड्यांनी वर येत राहते. कडेला पट्टी लावून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवा. रेझिन कित्येक तास पातळ असतं आणि टाचणीएवढं भोकही शोधून काढतं. माझं अर्धं तळं एकदा सकाळी टेबलाखालच्या लादीवर सापडलं होतं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे डोंगर-खडकांना मी कागदाचा लगदा आणि पुठ्ठा वापरते.

रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, कुठे 2:1, कुठे 3:1. ते वजनाने आहे की मापाने, हे डब्यावर नीट वाचा. चार-पाच मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या पेल्याच्या कडांना न मिसळलेला भाग चिकटून राहतो आणि पाण्यात तेवढे डाग कायमचे चिकट राहतात. एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरचाच थर घ्या. घट्ट होताना रेझिन तापतं. जाड थर तडकतो, आणि पेल्यात तसंच राहिलेलं मिश्रण धूर सोडण्याइतकं तापू शकतं.

आपल्याकडची खरी अडचण मात्र दमट हवेची. गणपतीची कामं येतात ती नेमकी आषाढ-श्रावणात. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरला लागले की वर दुधी, तेलकट साय धरते. तिला अमाइन ब्लश म्हणतात. पहिल्यांदा ती बघून मी सगळं काम उचकटून टाकलं होतं. खरं तर ती कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन निघते. कोरडं करून हलका पॉलिश पेपर मारायचा आणि पुढचा थर द्यायचा. आता मी आर्द्रता दाखवणारा छोटा काटा खोलीत ठेवते आणि पावसाची झड असेल त्या दिवशी ओततच नाही. नायट्राइलचे हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क यांत काटकसर करू नका. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा कायमची राहते. हाताला लागलं तर साबणाने धुवा, थिनर लावू नका.

लाटांचं माप काढूनच काम करा. 1:200 च्या मॉडेलमध्ये एक मीटरची लाट 5 मिलिमीटरची होते. नवीन मुलं दोन-दोन इंचांच्या लाटा करतात आणि शेजारचं गलबत होडकं वाटू लागतं. लाट पारदर्शक ॲक्रिलिक जेलने उचलायची आणि फेसाला कापूस इतका पिंजायचा, की त्यातून खालचा हिरवा रंग दिसला पाहिजे.

बर्फाचं काम मला एका मंडळाने दिलं, अमरनाथची गुहा. मी हिमालय पाहिलेला नाही. पण बंदरावर मासळीसाठी येणाऱ्या बर्फाच्या लाद्या रोजच्या ओळखीच्या होत्या, त्या दिवशी लिलावाच्या वेळी त्या नीट निरखल्या. लादी कडेला काचेसारखी असते आणि मधोमध दुधाळ. पाणी बाहेरून आत गोठत जातं, तेव्हा त्यात विरघळलेली हवा मध्ये ढकलली जाते आणि तिथेच बुडबुड्यांच्या रूपात अडकते. मग शिवलिंगही तसंच केलं. आतला गाभा पांढऱ्या रंगाचा एक थेंब घातलेल्या रेझिनचा, बाहेरचा थर स्वच्छ. भेगांसाठी चुरगाळलेल्या पारदर्शक जिलेटिन पेपरचे बारीक तुकडे आत बुडवले. छताला लोंबणारे बर्फाचे सुळके ग्लू गनने ओढले. तिची कांडी मुळातच थोडी दुधी असते, रंगवावी लागत नाही. भुसभुशीत बर्फासाठी फेव्हिकॉलमध्ये खाण्याचा सोडा घालू नका. काही महिन्यांत तो पिवळा पडतो.

भाव सांगण्याआधी रेझिनचा हिशेब करा. 60 बाय 40 सेंटिमीटरचा 5 मिलिमीटर थर म्हणजे 1200 मिलिलिटर, वजनाने साधारण 1.3 किलो. सुरुवातीला मी नुसत्या अंदाजाने आकडा सांगायचे आणि मजुरी रेझिनमध्येच जायची. आणि तारीख घेताना लक्षात ठेवा, थर एका दिवसात हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. मी शेवटचा थर चतुर्थीच्या दहा दिवस आधी ओतते.