कॅलिफोर्नियात मागच्या अंगणात एडीयू बांधायचंय? आधी हद्द मोजा

आई-बाबा भारतातून येतात, त्यांना जिना चढवत नाही, आणि मग 'मागे एक छोटं घर बांधू या का?' हा विषय निघतो. स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेलं असं घर म्हणजे एडीयू. कॉन्ट्रॅक्टरला फोन करण्याआधी नियम समजून घ्या, कारण तुमच्या बाजूने कायदा बराच भक्कम आहे.

सुरुवात हद्दीपासून. शहराच्या वेबसाइटवर पत्ता टाकून आपला झोन पाहा. कुंपण म्हणजे हद्द असं धरून चालू नका; शंका असेल तर सर्व्हे करून घ्या. टायटल रिपोर्टमध्ये (मालकीच्या कागदपत्रांच्या अहवालात) ईझमेंट आहे का तेही बघा. वीज किंवा सांडपाण्याच्या लाइनसाठी राखलेल्या त्या पट्ट्यात सहसा बांधता येत नाही.

मग आकार ठरवा. एफएआर (आपल्याकडचा एफएसआयच) किंवा लॉट कव्हरेज (प्लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापायचा, ती मर्यादा) संपलं असलं तरी ८०० चौरस फुटांपर्यंतच्या, १६ फूट उंचीच्या एडीयूला शहर त्या कारणाने अडवू शकत नाही. अट एवढीच, की मागे आणि बाजूंना ४ फूट जागा सुटली पाहिजे. तरी माझा आग्रह आहे, ७५० च्या आतच राहा. त्याखाली इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामामुळे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारापोटीची फी, माफ असते. प्लॅन तपासणी आणि परमिटची फी मात्र भरावीच लागते.

जुन्या गराजचंच घर करणार असाल तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंग करा, असं शहर सांगू शकत नाही. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) घराच्या दिसण्याबद्दल वाजवी अटी घालू शकते, पण स्वतंत्र घराच्या लॉटवर एडीयूला सरसकट बंदी घालू शकत नाही.

नकाशा नव्याने काढण्याआधी शहराकडचे पूर्वमंजूर प्लॅन पाहा. २०२५ पासून ही सोय प्रत्येक शहराला ठेवावी लागते. मुख्य घर आधीच उभं असेल, तर अर्ज पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सार्वजनिक सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमतीही लागत नाही. नकार दिलाच तर त्रुटींची पूर्ण यादी लेखी मिळते. म्हणून अर्ज 'पूर्ण' मानल्याची तारीख लेखी मागून घ्या. दिवस तिथून मोजले जातात.

आणि बांधकाम सुरू झालं, की ड्रायवॉल (भिंतीचे आतले जिप्समचे तक्ते) लागण्याआधी न्हाणीघराच्या भिंतीत आधाराच्या दांड्यांसाठी लाकूड ठोकून घ्या. नंतर तेवढ्यासाठी भिंत फोडावी लागते.